दोन घागरी आणि एक अंगठा

नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या दवाखान्यात एक पेंटर आला होता. पाटीवरचं उस्मानाबाद खरवडून तिथं लातूर लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण आलाच आहे तर म्हणून डॉक्टर साहेबांनी त्याच्याकडून बाळंतपणाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर तीन ओळी रंगवून घेतल्या. बाळंतपणास येताना दोन घागरी पाणी सोबत आणावे. आत नातेवाइकांनी येऊ नये. ऑपरेशनसाठी पतीची सही अथवा अंगठा आवश्यक. अक्षर फार सुरेख होतं त्याचं. पण वाचता येणारं माणूस आमच्याकडे दिवसाकाठी एखादंच यायचं, त्यामुळे त्या तीन ओळी तोंडाने म्हणून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

मी तेवीस वर्षांची होते. माहेर हिमायतनगरकडचं, नर्सिंगचं शिक्षण नांदेडला आणि पहिली नेमणूक लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आता मोठी इमारत झाली आहे, माणसं नवी आहेत, त्यांच्या माथी माझ्या काळातलं काही मारायचं नाही. माझा पांढरा गणवेश नवा होता आणि तोंड फटकळ होतं. पोरीबाळींना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना मी सारखीच डाफरायचे. दोन महिन्यांतच माझं नाव गावात ‘भांडकुदळ बाई’ पडलं होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

त्या तीन ओळींपैकी एकही उगाच लिहिलेली नव्हती, हे आधी सांगायला हवं. पाऊस दोन वर्षं रुसला होता. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि तोही यायचाच असं नाही. दवाखान्याच्या टाकीत वाकून पाहिलं की तळाचा गाळ दिसायचा. एका बाळंतपणाला पाणी किती लागतं ते घरच्या बायकांना ठाऊक असतं. टेबल धुवायचं, कपडे धुवायचे, बाळ पुसायचं, बाळंतिणीला पुसायचं. आम्ही तिघी नर्सा एका तांब्यात हात धुवायला शिकलो होतो. ऑपरेशनसाठी म्हणून एक पिंप भरून ठेवलेलं असायचं आणि त्याच्या झाकणाला कुलूप होतं. पाण्याला कुलूप मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

नातेवाइकांना आत न घेण्याचा नियम तर मला मनापासून पटला होता. एका बाळंतिणीमागे पाच बायका यायच्या, कुणी अंगारा लावायची, कुणी केस मोकळे सोड म्हणायची, कुणी नुसतीच रडायची. त्यांना बाहेर काढून दाराला कडी लावली की बरं वाटायचं.

अंगठ्याच्या नियमामागे साहेबांचं दुखणं होतं. आधीच्या गावी त्यांनी एका बाईचं पोट उघडून तिला वाचवलं होतं. बाळ गेलं. चार दिवसांनी नवऱ्याकडची मंडळी ‘कुणाला विचारून फाडलं’ म्हणत आली, खिडक्या फुटल्या, चौकशी लागली आणि साहेब आमच्याकडे बदलून आले. माणूस वाईट नव्हता. हात असा हलका की टाका घातलेला कळायचा नाही. पण कागदाला घाबरायचा. नवऱ्याच्या अंगठ्याशिवाय सुरी हातात घेणार नाही, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडसिस्टरनी, यावर आपली एक रीत बसवली होती. नवरा दवाखान्याच्या फाटकात दिसला की आधी त्याचा अंगठा कोऱ्या संमतीपत्रावर घेऊन टाकायचा, मग बाकीचं काय ते. “पुरुष माणूस एकदा बाहेर गेलं की सापडत नसतंय,” त्या म्हणायच्या. “बिडी प्यायला गेलं तरी दोन तास.” शाईचं पॅड आणि कागद मी म्हणूनच सतत खिशात बाळगायचे.

होळी होऊन गेली होती. सकाळी आठच्या सुमारास फाटकात एक बैलगाडी थांबली. गाडीत एक पोरगी आडवी झालेली, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली तिची आई, आणि कासरा धरून खाली उतरलेला एक तरुण. पोरगी एकोणीस-वीसची असेल. पहिलटकरीण. रात्रीपासून कळा देत होती.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे काही कुणी कुणाला शिकवत नाही. पहिलटकरणीबरोबर तिची आई दिसली, म्हणजे पोरगी माहेरी आली आहे, नवरा त्याच्या गावी आहे आणि गाडी हाकणारा भाऊ आहे, हे डोळे मिटून कळतं. मी केसपेपर काढला.

“मावशी, गाव कोणतं?”

म्हातारीनं मुखेडकडच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. म्हणजे नांदेड जिल्हा, माझा जिल्हा. मला उगाच बरं वाटलं. नव्या जिल्ह्याच्या कागदावर बाहेरच्या जिल्ह्याचा वेगळा शिक्का मारावा लागायचा, तो मी झोकात मारला. तो तरुण डोक्याचा रुमाल तोंडापर्यंत ओढून चार हात लांब उभा होता.

“पाव्हणं,” मी त्याला म्हटलं, “दोन घागरी पाणी लागतंय. पाण्याबिगर इथं बाळंतपण होत न्हाई. आणि तुमच्या दाजींना निरोप धाडा, त्यांचा अंगठा लागंल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने पदर आणखी पुढे ओढला. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “हाव.” मग गाडीतल्या दोन घागरी उचलून तो चालू लागला. गावात तेव्हा एकाच विहिरीला पाणी होतं. बाजारपेठेतले एक लिंगायत किराणावाले होते, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. त्यांच्या मळ्यातली ती विहीर गावापासून दोन मैल होती.

मी पोरीला आत घेतलं आणि कडी लावली. लावताना म्हातारी म्हणाली, “बाई, मला आत यिऊ द्या. मी काय बोलत न्हाई. नुस्ता डोक्यावर हात ठिवते.” मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर काय लिहिलं आहे ते तिला कळण्यासारखं नव्हतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आत टेबलावर पोरगी घट्ट डोळे मिटून पडली होती. मध्येच उठून खाली उकिडवं बसायला बघायची. मी तिला पुन्हा आडवी करायचे. टेबलावरच राहायचं, हाही नियमच, फक्त भिंतीवर लिहिलेला नव्हता. प्रत्येक कळेला ती ‘माय’ म्हणून ओरडायची आणि दाराबाहेरून ‘हाय बाळा, हितंच हाय’ असं उत्तर यायचं. दोघींमध्ये एक फळीचं दार होतं, आणि त्या दारापाशी मी.

दहाला साहेबांनी तपासलं. डोकं खाली उतरत नव्हतं, हाडाची वाट अरुंद होती. बाहेर येऊन हात पुसत ते म्हणाले, “वाट बघण्यात अर्थ नाही. बाळ अजून चांगलं आहे, लगेच उघडू. हिला समजावा आणि अंगठा घेऊन ठेवा.”

समजावणं म्हणजे आमच्याकडे मोठं काम असायचं. पोट कापणार म्हटलं की बायका टेबलावरून उतरून पळायला बघायच्या. माझं भाषण पाठ होतं. मी तिच्या कानाशी वाकून सुरुवात केली, तर तिने दुसऱ्याच वाक्याला मला थांबवलं.

“करा,” ती म्हणाली.

“पोट कापावं लागंल म्हणते मी.”

“आइकलं की. लेकरू हालून राहिलंय अजून. तव्हर करा.”

एवढं सरळ ‘करा’ मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती घाबरलेली नव्हती असं नाही, ओठ पांढरे पडले होते. पण तिचं ठरलं होतं. मी खिशातून पॅड काढून शेजारी ठेवलं, तसा तिने आपला डावा हात पुढे केला आणि अंगठा ताठ धरला. तळहाताला घट्टे होते.

“तुझा न्हाई चालत,” मी म्हटलं.

“काहून? मस्टरवर माझाच घेत्यात की. आठवा लागला तव्हा बी खडी फोडली म्या रोजगार हमीवर. अंगठा माझाच व्हता.”

“इथं मालकाचा लागतो.”

“मंग त्यायचा घ्या. बाहीर हायेत की.”

मी दार उघडून पाहिलं. बाकावर दुसऱ्या बाळंतिणींच्या दोन सासवा बसल्या होत्या. पुरुष कुणी नव्हता. म्हातारीही नव्हती, ती फाटकापाशी जाऊन पाण्याची वाट बघत होती. मी कडी लावून परत आले आणि म्हटलं, “कोणी न्हाई बाहेर. निरोप गेलाय, येतील.” ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात कळ आली आणि ती वाक्य विसरली. कळांमध्ये बायका काहीबाही बोलतात, असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण आम्ही सगळ्या ते शिकलो होतो.

साहेबांना मी सांगितलं की पती गावी आहे, निरोप गेला आहे. मोठ्या बाईंनी विचारलं, “आई आहे बाहेर, तिचा घ्यायचा का?” साहेब म्हणाले, “लग्न झालेल्या मुलीचे पालक सासरचे. उद्या कोर्टात आई उभी राहणार आहे का?” लातूरला पाठवावं तर जीप कुटुंबनियोजनाच्या कॅम्पला गेली होती. साहेब आत-बाहेर करत राहिले. त्यांनी पिंपाचं कुलूप काढलं, सामान उकळायला लावलं, हातमोजे बाहेर काढून ठेवले. सगळं तयार होतं. एका माणसाचा अंगठा तेवढा नव्हता.

मी लाकडी नरसाळं तिच्या पोटाला लावून बाळाचे ठोके मोजत होते. दर दहा मिनिटांनी. साडेदहाला चांगले होते. अकरालाही चांगले. तिने दोनदा विचारलं, “हाय का?” मी म्हटलं, “हाय.” साडेअकराला ठोके मंदावलेले लागले, मी पुन्हा मोजले, आणि तिसऱ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही. तिने विचारलं नाही.

मी बाहेर धावले. म्हातारी फाटकाजवळच्या लिंबाखाली बसली होती. मी तिच्या अंगावरच गेले. “जावयाला निरोप गेला का न्हाई? कव्हा येणार तो?”

ती गोंधळली. “कोन्ता निरोप? जावई तर पान्याला गेला की. तुमीच धाडला न्हाई का, बाई?”

मला पहिल्यांदा कळेना. मग कळलं.

“तो भाऊ न्हवं तिचा?”

“भाऊ न्हाई तिला. जावई हाय माझा, शिरूर अनंतपाळकडचा.” मग तिने डोळ्याला पदर लावला. “आमच्या गावात पानी कुटं हाय, बाई? प्याया न्हाई. लेकीला माहेराला न्यायाची सोय न्हाई म्हनून मीच आले जावयाच्या दारात, बाळंतपन कराया. लेकीच्या घरचं खाऊन राहिले दोन महिने. तुमी गाव इचारलं तर मला लाज वाटली. माझंच गाव सांगितलं.”

तिथं रागवायला कोणी नव्हतं. सकाळी तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. कागद माझ्या खिशात होता, पॅड खिशात होतं. एक प्रश्न विचारला असता, तुम्ही हिचे कोण, तर आठ वाजून पाच मिनिटांनी काम झालं असतं. मीच त्याला दाजींना निरोप धाडायला सांगितलं आणि मीच दोन मैलांवर पाण्याला धाडलं.

मी धावत सुटले. नर्सने गणवेशात रस्त्यावर धावायचं नसतं, हेही शिकवलेलं होतं. ऊन मी म्हणत होतं. मळ्यात पोचले तेव्हा विहिरीभोवती दीड-दोनशे घागरींची रांग वळसा घालून लागली होती. काठावरच्या थारोळ्याशी अप्पा उभे होते, गळ्यात लिंग, हातात काठी, आणि एकेकाला पुढे घेत होते. विहिरीत पाणी झिरपायचं तेवढंच. तळाला उतरलेला माणूस वाटीने घागर भरायचा.

तो मला दिसला. पुढे सातजण उरले होते. मला बघून तो उभा राहिला.

“तू तिचा मालक हायेस?”

“हाव.”

“मग सकाळी बोलला काहून न्हाई?”

“तुमी दाजी म्हनला. मला काय समजंना. सासूबाईच्या म्होरं काय बोलावं.” मग घाबरून म्हणाला, “झाली का मोकळी?”

मी कागद त्याच्या घागरीच्या पाठीवर पसरला आणि पॅड उघडलं. “मोकळी होत न्हाई. पोट उघडून बाळ काढायचंय. इथं अंगठा लाव, लवकर.”

त्याने अंगठा पॅडवर टेकवला आणि तसाच हवेत धरला. मला वाटलं आता हा नाही म्हणणार, भाऊबंदांना विचारतो म्हणणार. असं मी खूप पाहिलं होतं.

“तिला इचारलं का?” तो म्हणाला.

मी कागद पुढे सरकवला.

“तिचं काय म्हननं हाय?”

“ती करा म्हणाली. दहा वाजताच.”

“मंग तिचाच अंगठा घ्यायाचा की,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी काहीतरी विसरले आहे. त्याने अंगठा लावला. मग घागरींकडे पाहिलं. “पर पान्याबिगर येऊ कसं? तुमीच म्हनला, पान्याबिगर घेत न्हाईत.”

आजवर मला माणसं पुष्कळ बोलली आहेत. शिव्याही खाल्ल्या आहेत. पण त्या वाक्याइतकं काही लागलं नाही. अप्पा ऐकत होते. त्यांनी काठी टेकली आणि म्हणाले, “तू जा रे बाबा. तुझ्या घागरी मी भरून धाडतो. माझी सायकल घे.” रांगेतल्यांनी सायकलला वाट करून दिली. एरवी तिथं एका वाटीवरून डोकी फुटायची.

त्याने सायकल मारली आणि मी मागे कॅरिअरवर बसले. नर्सबाई परक्या पुरुषाच्या सायकलवर बसून भर बाजारातून गेली, हे गावात पुढे महिनाभर पुरलं. मी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता, शाई पुसू नये म्हणून. वाऱ्याने तो फडफडत होता. त्या चढावर मी त्याला ‘लवकर, लवकर’ म्हणत होते आणि तो तोंडातून आवाज न काढता पायडल मारत होता.

साहेबांनी कागद पाहिला आणि आत गेले. पुढचं सगळं त्यांनी इतक्या झपाट्याने केलं की मी सामान पुरवताना मागे पडत होते. बाळ बाहेर आलं. मोठ्या बाईंनी ते उलटं धरलं, चोळलं, तोंडातून फुंकर घातली. मी हातातलं काम करत कान तिकडे लावून होते. बराच वेळ फक्त स्टोव्हचा आवाज येत होता. मग मोठ्या बाईंनी बाळ कपड्यात गुंडाळलं आणि त्याच्या तोंडावर कपडा ओढला.

मुलगा होता. हे सांगायचं कारण नाही, पण सगळे आधी तेच विचारतात. बाई वाचली. साहेब म्हणाले, “अर्धा तास आधी हवं होतं.” कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांनी मोजे काढले आणि त्या कागदाकडे बघत राहिले.

दुपारी तीनच्या सुमारास अप्पांचा गडी बैलगाडीतून दोन घागरी घेऊन आला. काठोकाठ भरलेल्या, वर ओलं फडकं बांधलेलं. म्हातारीने त्यातली एक उतरवून घेतली, लिंबाखाली तीन दगड मांडून पाणी कोमट केलं आणि त्या पाण्याने नातवाला आंघोळ घातली. नियमाप्रमाणे आत यायला तिला बंदी होती. बाळ बाहेर न्यायला नव्हती. दुसऱ्या घागरीचं तोंड तसंच बांधलेलं राहिलं. तिच्या जावयाने ती आणून दवाखान्याच्या पिंपापाशी ठेवली, सांगितल्याप्रमाणे.

संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसले होते. मोठ्या बाई येऊन शेजारी बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सकाळच्या ‘पाव्हणं’पासून. त्या ऐकून घेत होत्या. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी अंगठा वर केला. धावपळीत पॅड सांडून माझाही अंगठा काळा झाला होता.

“हा काय वाईट होता का गं?” त्या हळू म्हणाल्या.

मी अंगठा पुसायला लागले.

“वीस वर्षांत तीनदा लावलाय मी माझा,” त्या म्हणाल्या. “कोण बघतंय अंगठा कुणाचा ते? साहेबाला कागद लागतो. मला वाटलं तुला कळत असेल.”

“मग आज तुम्ही का न्हाई लावला?” मी विचारलं. चांगलीच तडकले होते.

“तू म्हणालीस निरोप गेलाय, नवरा येतोय. नवरा येऊन म्हणाला असता मी लावलाच नाही, तर?” त्या उठल्या. “आणि आता माझी चार वर्षं राहिलीत नोकरीची.”

त्यांच्यावर मी फार दिवस चिडून होते. आता नाही. तिथं जो तो आपापल्या भीतीत बांधलेला होता, आणि ज्या एकीला भीतीपलीकडचं काही हवं होतं तिला आम्ही टेबलावर झोपवून ठेवलं होतं. मीही तेव्हा अंगठा लावला असता का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पुढे नोकरीत मी एकदा लावला. तीही एक लांबडी गोष्ट आहे, पण तिने या गोष्टीतलं काही भरून निघत नाही.

आठव्या दिवशी टाके काढून तिला घरी सोडायचं होतं. ती आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती. कण्हायचीही नाही. तिचा नवरा रोज दाराच्या उंबऱ्याबाहेर बसून असायचा आणि म्हातारी त्याच्यापासून लांब, पदर ओढून. छातीला दूध उतरलं होतं. ते पिळून टाकायला मीच तिला मदत करायचे आणि आम्ही दोघी भिंतीकडे बघत बसायचो. तिची माफी मागायची असं मी रोज ठरवायचे. एवढ्या तोंडाळ बाईला चार शब्द सुचत नव्हते.

जाताना रजिस्टरमध्ये नोंद करावी लागायची. रुग्ण बरा होऊन घरी गेला, दवाखान्याविरुद्ध तक्रार नाही, असं छापलेलं होतं आणि त्याखाली रुग्णाचा अंगठा. मी तिच्यापुढे रजिस्टर उघडलं, बोट ठेवून जागा दाखवली आणि पॅड सरकवलं.

तिने हात पुढे केला नाही. पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

“हितं चालतो का माझा?” तिने विचारलं.

“चालतो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.